सतरा उन्हांचा छुंदा

"अहो भाई! ओ भाई... ते ॲल्युमिनियम आहे!"

वैशाखातली सकाळ, आठचा सुमार. तरुलताबेन आपल्या छुंद्याची बरणी उन्हात ठेवायला गच्चीवर आल्या होत्या. मधल्या कठड्यापलीकडे एक गृहस्थ किसलेली कैरी आणि साखर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कालवून वर मलमलचं फडकं बांधत होते. आंबटाला ॲल्युमिनियम चालत नाही, हे भावनगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या गृहस्थांच्या तर मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"माझ्याशी बोलताय?" त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"दुसरं कोण आहे इथं? संध्याकाळपर्यंत काळा पडेल तो कीस. काचेची बरणी नाही का घरात?"

"होती... म्हणजे, फुटली बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय? बरणी एक तर फुटते, नाहीतर फुटत नाही."

"तेही खरंच," ते म्हणाले आणि हसले. हसू चांगलं होतं. तरुबेननी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

तणतणत त्या खाली गेल्या, रुंद तोंडाची एक बरणी पुसून घेऊन आल्या आणि कठड्यावरून पुढे केली. "घ्या. परत करायची आहे. आणि ते पातेलं पुन्हा गच्चीवर दिसलं तर बघा!"

"आज्ञा," गृहस्थ म्हणाले.

हे प्रबोधभाई अंतानी. चौतीस वर्षं बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीची वेळापत्रकं लिहिली, आणि पाणी कधी वळणार हे मिनिटासकट सांगून झाल्यावर साठाव्या वर्षी घरी आले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती लेक बीजल वडोदऱ्यात. आणि तरुबेन? छत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये, ट्रंक कॉल जोडत. लग्न राहून गेलं. आधी भावंडांची शिक्षणं, मग आईचं आजारपण, मग वय. जानेवारीत निवृत्त होऊन त्या आईच्या या बंद घरात राहायला आल्या, आणि दिवस किती लांबलचक असतो ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

छुंद्याला नऊ-दहा उन्हं लागतात. सकाळी बरणी वर न्यायची, ढवळायची, संध्याकाळी खाली आणायची. म्हणजे दिवसातून दोनदा कठड्यापाशी गाठ. टाळायची म्हटली तरी टळणार नाही, आणि टाळायचं कोणी म्हणतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रबोधभाई सहज म्हणाले, "लेकीला सांगितलंय, छुंदा झाला की येतो. तिच्या आईच्या हातचा फार आवडायचा तिला. बरणी घ्यायची, घराला कुलूप लावायचं, निघायचं."

"किती दिवसांसाठी?"

"कायमचंच म्हणते ती. एकटा राहून काय करणार?"

"बरंच आहे की. लेक बोलावते आहे तर जा बापडे," तरुबेन म्हणाल्या. तेव्हा त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी कठड्यावरून वरियाळीच्या, म्हणजे बडीशेपेच्या, सरबताचा पेला आला. तरुबेननी एक घोट घेतला. "साखर फार झालीय."

"मग परत द्या."

"परत कशाला? सांगून ठेवलं एवढंच." आणि पेला तळापर्यंत रिकामा झाला.

चौथ्या दिवशी सकाळी गरम गाठिया, तळलेल्या मिरच्या आणि पपईचा संभारा, म्हणजे कच्च्या पपईचा फोडणीत परतलेला कीस. पाचव्या दिवशी मोसमातले पहिले केसर आंबे. प्रबोधभाईंनी एक फळ नाकाशी धरून, डोळे मिटून, इतका वेळ हुंगलं की तरुबेनना हसू आवरेना. निवृत्त माणसाची चैन ती काय असणार! माठाचं गार पाणी, दुपारची डुलकी, रसात चिमूटभर सुंठ. पण ही सगळी चैन कोणाला तरी सांगता येणं, यात वेगळीच मजा होती. सकाळी उठल्यावर आज काय सांगायचं ते तरुबेन मनात जुळवून ठेवू लागल्या.

"ट्रंक कॉलवर सगळं बोलणं ऐकू यायचं का हो तुम्हाला?" पाचव्या दिवशी प्रबोधभाईंनी विचारलं.

"ऐकायचं नसतं. पण कान काय काढून ठेवायचे? तीन मिनिटं झाली की मध्ये पडायचं. 'तीन मिनिटं झाली, वाढवायचं?' छत्तीस वर्षांत एवढं एकच वाक्य बोलले म्हणा ना."

"मग लोक काय म्हणायचे?"

"नवरा-बायको असले की 'नको.' नुकता साखरपुडा झालेला असला की 'वाढवा बेन, वाढवा!'"

"आणि तुम्हाला कोणी नाही विचारलं?"

"काय?"

"वाढवायचं का ते..."

तरुबेननी बरणीवरचं फडकं उगाचच सोडलं आणि पुन्हा बांधलं. "माझी लाइनच कधी लागली नाही, प्रबोधभाई."

आता हे 'भाई' आणि 'बेन' म्हणजे या मुलखातली मोठीच अडचण. समोर येईल त्याला भाऊ करायचं आणि दिसेल तिला बहीण. मग माणसानं प्रेमात पडायचं तरी कुठल्या तोंडानं? पण लोक पडतातच. काही ना काही वाट काढतात.

सहाव्या दिवशी भर दुपारी तीनला ढग आला. तरुबेन अनवाणी धावत वर आल्या आणि तापलेल्या गच्चीवर पाय टेकताच "अयाई गं!" करून जागीच नाचू लागल्या. पलीकडून प्रबोधभाईही आले होते. क्षणाचाही विचार न करता त्यांनी आपल्या पायातल्या चपला कठड्यावरून अलीकडे टाकल्या. तरुबेननी त्या घालून कठड्यावरच्या दोन्ही बरण्या सावलीत नेल्या, आणि वळून पाहतात तो ते स्वतःच बगळ्यासारखे एका पायावर उभे, पाय बदलत, चेहरा मात्र गंभीर.

"अहो, पोळतंय ना?"

"छे... सवय आहे."

"कसली? नाचायची?"

दोघं इतकी हसली की समोरच्या गच्चीवर पापड राखत बसलेल्या मंजुबांनी मान उंचावून पाहिलं. ढग चार थेंबही न टाकता निघून गेला. चपला मात्र तरुबेनच्या दारात संध्याकाळपर्यंत राहिल्या. मोठ्या होत्या, पण बऱ्या दिसत होत्या तिथं.

आणि नववा दिवस उजाडला.

रोज संध्याकाळी पाक पाहायचं काम तरुबेनचं. दोघांचा छुंदा एकाच दिवशी घातलेला. एक थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनी टेकवायची, हळूच उचलायची. तार आली की छुंदा झाला. मग त्यात तिखट, जिरं, दालचिनी घालायची आणि झाकण लावून मोकळं व्हायचं. त्या संध्याकाळी तरुबेननी प्रबोधभाईंच्या बरणीतला थेंब घेतला, बोटं दूर केली, आणि मधे एक बारीक, सोनेरी, अगदी स्वच्छ तार उभी राहिली.

झाला होता. उत्तम झाला होता. म्हणजे उद्या मसाला, परवा कुलूप.

तरुबेननी मूठ मिटली. छातीत धडधडत होतं. एकसष्टाव्या वर्षी असं धडधडलं तर डॉक्टरकडे जायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. पण हे ते नव्हतं, हेही माहीत होतं.

"काय म्हणतो पाक?" प्रबोधभाईंनी विचारलं.

"अं... नाही. कच्चा आहे अजून. एक ऊन हवं."

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. रोजच्याप्रमाणे पाण्याच्या टाकीमागे जाऊन त्यांनी खडूनं त्या दिवसाची रेघ मारली आणि खाली गेले.

जन्मात कधी खोटं न बोललेल्या बाईनं एकदा खोटं बोलावं आणि ते पचावं, यासारखं वाईट काही नाही. दहाव्या दिवशी पुन्हा "एक ऊन." अकराव्या दिवशी पुन्हा. बाराव्या दिवशी तर त्यांनी कमालच केली. "यंदा उन्हात दमच नाही बघा."

भावनगरात त्या दिवशी त्रेचाळीस अंश होते. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

"खरंय," प्रबोधभाई मानेवरचा घाम पुसत म्हणाले. "फारच गारठा पडलाय."

तरुबेननी चमकून पाहिलं. ते शांतपणे आंबा चोखत होते.

रोज ठरवायच्या, आज सांगून टाकू. एखाद्या लेकीचा बाप आपण असा अडवून ठेवायचा म्हणजे काय! पण संध्याकाळ झाली, ते मिश्यांतल्या मिश्यांत हसत कठड्यापाशी आले, की जीभ आपलं तेच म्हणायची. बरणीतला छुंदा घट्ट होत चालला. ढवळताना चमचा अडू लागला. तरुबेनना रात्री झोप लागेना. उघडकीला आलं तर शेरीभर, अख्ख्या गल्लीत, हसं होईल, आणि न आलं तरी असं किती दिवस चालणार?

सतराव्या दिवशी सकाळी बीजल आली. न कळवता.

"पप्पा, आज-उद्या, आज-उद्या... मी म्हटलं, आपणच जाऊन घेऊन यावं," म्हणत ती थेट गच्चीवर आली आणि बरणीत चमचा घातला. चमचा उभाच राहिला. तिनं जोर लावून तुकडा काढला, तोंडात टाकला, आणि गाल फुगवून कडाकडा चावू लागली.

"पप्पा, हा छुंदा आहे की चिक्की? आणि कच्चा आहे म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

तरुबेन कठड्याला धरून उभ्या होत्या. पळून जाता आलं असतं. जिना चार पावलांवर होता.

"मी," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं, बेटा. नवव्या दिवशीच झाला होता."

"मग... का, मासी?"

"झाला म्हटलं असतं तर तुझे पप्पा गेले असते." त्यांनी बीजलकडे सरळ पाहिलं. "मला ते जायला नको होते. चुकलं माझं. आज घेऊन जा त्यांना."

बीजल चावायची थांबली. समोर मंजुबांचा पापडही हातातच राहिला.

"बीजल," प्रबोधभाई म्हणाले, "जरा त्या टाकीमागे बघ."

टाकीमागे खडूच्या रेघा होत्या. नववीभोवती ठसठशीत गोल होता. त्यापुढे मात्र साध्या रेघा, एकापुढे एक, अगदी कालच्यापर्यंत.

"तुझ्या आईच्या छुंद्याच्या रेघा तीस वर्षं मीच मारल्या. तार आली की गोल करायचा." ते तरुबेनकडे वळले. "मूठ जरा उशिरा मिटलीत तुम्ही त्या दिवशी. मला दिसली तार."

"मग बोलला का नाहीत?" तरुबेनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही.

"बोललो असतो तर जावं लागलं असतं ना!"

बीजल एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिली. मग जिना उतरून गेली. थोड्या वेळानं खालून तिचा आवाज आला, शेरीच्या टोकापर्यंत जाईल असा. "पप्पाऽ! मम्मीची बरणी तर कपाटात धडधाकट आहे! ही मासींची कशाला घेतलीत?"

प्रबोधभाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तरुबेननी डोळे पुसले. "फुटली होती ना? बहुतेक?"

"तीन सकाळी नुसता खोकत होतो इथं उभा राहून," ते पुटपुटले. "तुम्ही एकदाही मान वळवली नाहीत. मग म्हटलं, काढावं ॲल्युमिनियम..."

"लबाड! कैरी फुकट गेली असती म्हणजे!"

"गेली असती. पण तुम्ही ओरडणार याची खात्री होती."

ऊन चढत होतं. कठड्यावर दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या, दोन्हींतला छुंदा दगड झालेला. ठोकूनच काढावा लागणार होता.

"पुढच्या वर्षी..." प्रबोधभाईंनी घसा साफ केला. "पुढच्या वर्षी दोन बरण्या कशाला? एकच घालू या का... तरुलता?"

बेन नाही, काही नाही. नुसतं नाव. ते नाव असं मोकळं ऐकून किती वर्षं झाली होती, तरुबेनना आठवेना. त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. खाली बीजलनं चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. प्रबोधभाई वाट पाहत उभे राहिले. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तीन मिनिटं झाली," ते हळूच म्हणाले. "वाढवायचं?"

"वाढवा," तरुलता म्हणाली.