आईच्या समोरची जागा

कुरकुंभच्या एका कंपनीत मी औषधांच्या तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. एखादा आकडा विचित्र आला, तर त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही आणि तो खोडायचाही नाही, अशी आमची पद्धत आहे. नमुना पुन्हा लावायचा. काचेची भांडी पुन्हा धुवायची. तरीही आकडा तोच आला, तर काहीतरी आहे हे मान्य करायचं. पुढचं मी त्याच सवयीनं सांगते आहे.

माघातला रविवार होता. दौंडमधल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसले होते. आई, म्हणजे जाईबाई, खाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आम्ही दोघी श्रीलंकेला निघालो होतो. विमानाचं झालं होतं, व्हिसा आला होता. राहिली होती फक्त तिकडच्या रेल्वेची तिकिटं, कोलंबो ते अनुराधापूर. तिथं फार जुना बोधिवृक्ष आहे. वॉर्डातल्या विहारात भंतेजींनी त्याचा फोटो दाखवला, तेव्हापासून आईनं एकच धरलं होतं. "एकडाव त्येच्याखाली बसायचंय."

माझे वडील संपत रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांना दरवर्षी फुकट प्रवासाचे पास मिळायचे. आई लग्न होऊन निमोण्याहून आली ती रुळांच्या शेजारीच राहायला. कुठली गाडी लेट आहे हे ती भाकरी थापता थापता सांगते. पण तिला गाडीत बसलेली मी कधी पाहिली नव्हती. पुण्याला जायचं तरी एसटी. विचारलं की म्हणायची, "मळमळतं मला." आबांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तिचं तेच. म्हणून तिकडं गाडीनं जायचं का, हे मी जरा दबकतच विचारलं होतं.

"गाडीनंच," ती म्हणाली होती.

वेबसाइट साधी होती. डब्याचं चित्र येई. रिकामी जागा हिरवी, गेलेली लाल. त्या तारखेचं आरक्षण नुकतंच उघडलं होतं, त्यामुळे अख्खा डबा हिरवागार होता. मध्ये टेबल असलेल्या समोरासमोरच्या चार जागांपैकी मी खिडकीची आणि तिच्या शेजारची निवडली. खिडकीच्या जागेवर आईचं नाव आणि पासपोर्टचा नंबर टाकला.

तिच्या समोरची जागा लाल झाली.

घेतली असेल कुणीतरी. मी दुसरा डबा उघडला. तोही पूर्ण हिरवा. आईचं नाव टाकलं. समोरची जागा लाल झाली. दुसऱ्या दिवशीची गाडी बघितली, परतीची बघितली. लॅपटॉप ठेवून मोबाइलवर बघितलं. तेच.

लॅबमध्ये आम्ही 'ब्लँक' लावतो, म्हणजे ज्यात औषधच नाही असा नमुना. मी आईऐवजी माझी मैत्रीण मोनालीचं नाव टाकलं. डबा हिरवाच राहिला. माझं एकटीचं टाकलं, हिरवाच. मग पुन्हा जाईबाई संपत ओव्हाळ असं टाइप केलं. शेवटचं अक्षर पडलं आणि समोरचा चौकोन लाल झाला.

"झाली का तिकिटं?" आईनं विचारलं.

"नेट जात-येत आहे," मी म्हणाले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागं उभी राहून मी त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. वाऱ्यावर कंपनीतल्या सॉल्व्हंटचा गोडसर वास येत होता. फोनवरची बाई इंग्रजीत, फार अदबीनं बोलत होती. माझी अडचण ऐकून ती हसली.

"काळजी करू नका मॅडम. ती जागा तुमच्या घरच्यांचीच आहे. त्या गृहस्थांनी फोन करून सांगितलं होतं, बाईंच्या समोरचीच हवी म्हणून."

"कोण गृहस्थ?"

"नाव कळलं नाही, त्यांची भाषा आम्हाला येत नाही. पण बाईंचा पासपोर्ट नंबर आणि 'समोर' एवढं त्यांनी इंग्रजीत बरोबर सांगितलं."

आईचा पासपोर्ट आदल्या दिवाळीनंतर आला होता. तो मी आणि आई सोडून घरच्या कुणी पाहिलेला नव्हता.

"आणि काय म्हणाले ते?"

"बाकी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. उतर. उतर." तिनं तो जपून उच्चारला. "आमच्या सिंहलात उतुरु म्हणजे उत्तर दिशा. तुमची गाडी उत्तरेलाच जाते ना, म्हणून आमच्या लक्षात आलं."

मी फोन ठेवला. हात धुतले. पुन्हा धुतले.

त्या आठवड्याच्या सुट्टीला मी आईला न सांगता शिरूरला गेले. तिथं माझे चुलते शंकरराव राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे जाणारी एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागं रेंगाळत होती. नाना घोड नदीच्या बाजूच्या आपल्या घरात, ओसरीवर खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं.

"रद्द कर," ते शेवटी म्हणाले.

"का?"

"संपतला आवडायचं न्हाई."

"नाना, आबा आता नाहीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात चेष्टा नव्हती. "त्येला सांगितलंस का तसं?"

मी उठले. चहा येत होता, तो घेतला नाही. दारापर्यंत आले तेव्हा ते मागून म्हणाले, "वैनीला एकदा उतरवलीय त्येनं. इचार तिला."

संध्याकाळी मी आईला विचारलं. सगळं सांगूनच विचारलं, कारण आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट हाय," ती म्हणाली. "निमोण्याच्या बाया नागपूरला निघाल्या व्हत्या, दीक्षाभूमीला. मी बी निघाले. त्येस्नी इचारलं न्हवतं. इचारलं असतं तर न्हाईच म्हणले असते. दौंडात गाडीत बसले, खिडकी मिळाली. आन् गाडी सुटायच्या आत हे आले. डूटीवरनं, झेंडी काखेत धरून. काय बोलले न्हाईत. हाताला धरलं आन् म्हणले, उतर."

"मग?"

"उतरले. बांगड्या फुटल्या. समद्या फलाटानं बघितलं. बाया खिडकीतनं बघत ऱ्हायल्या आन् गाडी गेली." तिनं कणकेचा गोळा उलटा केला. "मळमळतं म्हणून सांगत आले मी तुला. मळमळत न्हाई. राग येतो. त्येंचा न्हाई, माझा. मी उतरले कशाला?"

बाहेरून मालगाडी जात होती, भांडी किणकिणत होती.

"आई, आपण दुसरीकडं कुठं जाऊ. बसनं जाऊ."

"सुले." तिनं पहिल्यांदा मान वर केली. "भूत-बित मी मानत न्हाई. पर माणसाचा हेका असतो, त्यो सरणावर जळत न्हाई, येवढं मला ठावं हाय. आता त्येंचा हेका मोठा का माझा, ते बघू. समोरची जागा त्येंची हाय? आसू दे. खिडकी माझी हाय. कर बुक."

तिनं कणकेच्या हातानं लॅपटॉपकडं बोट दाखवलं. मी बुक केलं.

कोलंबोच्या स्टेशनवर सकाळी समुद्राचा खारट वास होता. तळलेल्या वड्यांचा वास होता, ओल्या लाकडाचा होता. आई पांढरं लुगडं नेसली होती. डब्याच्या पायरीपाशी ती क्षणभर थांबली, दांडीला धरलं आणि माझा हात न घेता वर चढली.

समोरची खिडकीची जागा रिकामी होती. तिच्या शेजारी एक शाळामास्तरीण येऊन बसली. बोलकी होती, आम्हाला केळी दिली. गाडी सुटली. नारळाची झाडं लागली, भाताची खाचरं लागली. आई काचेला कपाळ टेकवून लहान मुलीसारखी बघत होती. थोड्या वेळानं मास्तरीण दंड चोळायला लागली. वर एसीच्या जाळीकडं बघितलं, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. पिशवी उचलून ती डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. केळी तशीच राहिली.

मी त्या जागेकडं बघत होते. गादी निळ्या रेक्झिनची होती. मधोमध दबलेली होती. जुन्या गाद्या दबतात. पण गाडी वळणावर कलली की तो खड्डाही कलत होता. आत बसलेलं माणूस तोल सावरतं, तसा.

आईनं खिडकीतून नजर काढली नाही. "आलेत," ती म्हणाली.

महो नावाचं जंक्शन आलं. बरेच फाटे, उभी इंजिनं, झेंडी घेतलेली माणसं. दौंडसारखंच. गाडी थांबली.

आईचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला.

तिनं उचलला नव्हता. हात मनगटापासून वर आला, बोटं खाली लोंबत होती. मनगटाच्या कातडीवर पांढरे पट्टे उमटले. एकाशेजारी एक. लोखंडाचा आणि बिडीचा वास आला. तो आबांच्या सदऱ्याचा वास होता. मी तो ओळखला, हे मला मान्य करावंच लागतं.

मी तिला धरायला पुढं झाले.

"धरू नगं," आई म्हणाली. "माझं मी बघते."

तिचं अंग जागेवरून सरकलं. तिनं डाव्या हातानं खिडकीची चौकट पकडली. बोटांची पेरं पिवळी पडली. पाय टेबलाच्या खांबाला लावले.

आयुष्यभर आई आबांना 'अव्हो' म्हणत आली. तिच्या तोंडून त्यांच्यासाठी एकेरी शब्द मी ऐकला नव्हता. त्यांच्या मागंही नाही.

"न्हाई उतरत," ती म्हणाली. सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं. "तू उतर."

हात आणखी ओढला गेला.

"तिकीट माझं हाय. लेकीनं काढलंय. तुला कुणी बोलावलंय? उतर खाली."

डब्यातली माणसं माना वळवून बघत होती. भाषा कुणाला कळत नव्हती, पण कुणी हसलं नाही.

"उतर म्हणते ना!"

हात सुटला. टेबलावर आपटला.

निळी गादी हळूहळू वर आली. चुर्र आवाज करत सरळ झाली.

डब्याच्या टोकाचा दरवाजा उघडला. थोडा वेळ तसाच राहिला. मग लागला.

गाडी हलली. आईनं मनगट पदराखाली घेतलं आणि एक केळं सोलून अर्धं मला दिलं. आम्ही दोघींनी खाल्लं. मी रडत होते, ती रडत नव्हती.

अनुराधापूरला ती त्या झाडाखाली दुपारभर बसली. अनवाणी, वाळूत, डोळे मिटून. आजूबाजूला पांढऱ्या कपड्यातली माणसं हलक्या आवाजात वंदना म्हणत होती. पालीतले ते शब्द आमच्या विहारातलेच होते, तीही त्यांच्यात मिसळून म्हणत होती. उठली तेव्हा तिला गुडघ्याला आधार लागला, पण चेहरा असा होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. "आता जपान कुठं ऱ्हायलं ते बघ त्या मशिनीत," ती म्हणाली. मी हसत सुटले.

परतीची तिकिटं मी लॉजवरून मोबाइलवर काढली. आईचं नाव टाकलं. चित्र हिरवं राहिलं. मी पुन्हा टाकून बघितलं. हिरवंच. परतताना समोर एक जोडपं बसलं होतं, त्यांचं बाळ आईच्या मांडीवर खेळत होतं.

गाडी महो जंक्शनला थांबली.

फलाटावर गर्दी होती. ऊन फार होतं, सावलीतली सगळी बाकं भरलेली होती. माणसं दाटीवाटीनं, एकमेकांना खेटून बसली होती. एका बाकावर मात्र कोणीच नव्हतं. लोक त्याच्याजवळ येत होते आणि न थांबता पुढं जात होते. बाकाखाली एक तांबडं कुत्रं बसलं होतं. त्यानं मान ताणून वर केली होती आणि त्याच्या मानेवरचे केस दबत होते, उठत होते, पुन्हा दबत होते.

आईनंही ते बघितलं. बाळाला तिनं सावकाश त्याच्या आईकडं दिलं.

"ह्या देशात त्येला भाषा बी कळायची न्हाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात दया होती की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. खिडकीपासून मात्र ती इंचभरही मागं सरली नाही.

गाडी सुटली. कुत्रं उठलं आणि आमच्या डब्याबरोबर चालायला लागलं, मग पळायला लागलं, थेट आईच्या खिडकीखाली. फलाट संपला तिथं ते थांबलं. गाडीकडं त्यानं बघितलंच नाही. शेपूट हलवत ते आपल्या शेजारी, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, वर बघत उभं राहिलं.