चोरीला गेलेले तास

"मी माफीनामा लिहिणार नाही," असं म्हणत जुनेराने खुर्ची ओढली.

अलिबागच्या त्या कचेरीत प्राची चौलकर खाजगी तपासाची कामं घ्यायची आणि भिकू तिच्यासाठी धावपळ करायचा. भिकूचं कॉम्प्युटरशी वाकडं होतं, पण ही पोर त्याला बघताक्षणी आवडली.

जुनेरा विनेश म्हात्रेंच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. तिथे काम सुरू करताना एक कमांड टाइप करायची, उठताना दुसरी. कामाचा वेळ आपोआप नोंदला जाई. बोटीच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर तिने रमजानच्या महिन्यात एकटीने उभं केलं. आता त्या साऱ्या नोंदी तिच्याबरोबर काम करणाऱ्या स्वप्निलच्या नावावर निघाल्या होत्या. फुकटचा पगार खाल्ला असं लिहून दे, नाहीतर घरी बस, असं विनेशने तिला सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

"लिवून दे आनि मोकळी हो, पोरी," भिकू म्हणाला. "नोकऱ्या काय कमी हायत?"

"नोकरी मिळेल, काका. पण चोर म्हणून का जाऊ?"

भिकूला आपल्याच बोलण्याची लाज वाटली.

प्राची आणि भिकूने कंपनीत जाऊन चौकशी केली. नोंदींत फेरफार करू शकतील असे दोघेच होते, ऋतिका आणि स्वप्निल. ऋतिका फटकन म्हणाली, की ती नोकरी सोडून म्हसळ्याला चालली होती, तिला श्रेय घेऊन काय करायचं. स्वप्निल गोड बोलला. कामात कितीही बुडालो तरी एक वाजता विनेशसरांबरोबर खानावळीत जेवायला जातोच, आणि तेवढा वेळ नोंदीचं घड्याळ न चुकता बंद करतो, म्हणाला. विनेशनेही मान डोलावली.

भिकूला तो सज्जन वाटला. त्या नोंदींची छापील प्रतही त्याने चाळली. सकाळी सुरू, दिवेलागणीला बंद, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. त्याला त्यात काही वावगं दिसेना.

दुसऱ्या दिवशी प्राचीने जुनेरा, स्वप्निल आणि ऋतिकाला विनेशसमोर त्याच्या केबिनमध्ये बसवलं.

"स्वप्निल, तुम्ही एक वाजता घड्याळ बंद करता. नोंदींच्या त्या महिनाभरात दुपारी ते एकदाही बंद झालेलं नाही. संध्याकाळी मात्र रोज झालंय, आणि रोज किंचित उशिरा. सूर्यास्त पुढे सरकला तसं."

चहाला उठत असेन, असं स्वप्निल पुटपुटला.

"चहासाठी कुणी सूर्य बुडायची वाट बघत नाही. रोजा सोडणारा बघतो. तुम्ही नाव बदललंत, वेळा तशाच ठेवल्यात."

नाव आपणच बदललं, असं स्वप्निलने कबूल केलं. विनेशचा आवाज एकदम मऊ झाला. झालं गेलं इथेच राहू दे, उद्यापासून कामावर ये, म्हणाला. भिकूला वाटलं, मिटलं.

जुनेरा जागची हलली नाही. "चोर सगळ्यांसमोर म्हणालात, सर. आता हेही सगळ्यांसमोर सांगा. तोवर मी उठणार नाही."

विनेश खुर्चीतून उठला. मग त्याने केबिनचं दार उघडलं आणि बाहेरच्या सगळ्यांना हातातलं काम थांबवायला सांगितलं.