पुसलेला डाग

ताईच्या पाठीवरच्या डब्यात नदीतल्या माशांच्या शेवटच्या जोड्या होत्या. नदी नासली, घरची तळी उन्हाने तापली आणि हे मूळचे मासे पटापट मेले. आता बारमाही गार पाणी मिळालं तरच त्यांची शेती होणार होती. धाकटीने ऑफिसात बसून उपग्रहाची चित्रं, उतार, माती असं सगळं संगणकावर एकावर एक ठेवलं आणि जागा काढली. कड्याच्या पायथ्याशी गडद निळा डाग! "डोळे झाकून चल," असं ती म्हणाली, म्हणून तर ताई मासे घेऊनच निघाली.

पडद्यावर रान बोटाने सरकतं. इथे तुडवावं लागलं. काट्यांनी बाह्या फाडल्या, पाय भरून आले. प्यायचं उरलेलं पाणी ताईने डब्यात ओतलं. आधी मासे, मग आपण, हा तिचा खाक्या. धाकटीला भांडायचंही त्राण नव्हतं.

कडा आला. पायथ्याशी नुसती खडी, कोरडी ठणठणीत! सकाळच्या उन्हात कड्याची सावली मात्र बरोबर त्या डागाच्या आकाराची पडली होती. उपग्रहाने टिपलेल्या सावलीला धाकटीने पाणी समजून रंगवलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने डब्याचं झाकण उघडलं. मासे वर येऊन आ वासत होते.

धाकटी मटकन बसली आणि लगेच उठली. चित्रात कड्याच्या पलीकडे, पूर्वेलाही असाच डाग होता. तो तिने सावली म्हणून पुसला होता. पण चित्र सकाळचं. मग पूर्वेला सावली पडेलच कशी?

"ताई, वर चढायचं."

"परत तुझा नकाशा?"

"परत. चुकले तर मला तिथेच सोडून ये."

दोर बांधला. पकड. पाय. श्वास. दगड निसटला! ताई लोंबकळली, डबा हिंदकळला, अर्धं पाणी सांडलं. धाकटीने जिवाच्या आकांताने दोर धरला. तळहात सोलवटले. पण सोडला नाही!

पलीकडे झऱ्याचा डोह होता, काळाशार, गारेगार. भोवती उभ्या दरडी, तळं खोदायला वीतभर जागा नाही. शेतीसाठी दुसरी जागा शोधणं आलंच. पण तोवर मासे जगायला हवे होते. ताईने डब्यात डोहाचं पाणी थोडं थोडं मिसळलं, मग डबा कलता केला. मासे आडवेच तरंगत राहिले. दोघी नुसत्या बघत होत्या. एक शेपटी हलली. मग सगळेच खोल गेले.

धाकटी ओंजळीने पाणी प्यायली आणि तिथेच आडवी झाली. ताईने शेजारी अंग टाकलं.

"हा डाग आता पुसू नकोस गं," ती म्हणाली.