सेवालाल येऊन राह्यले

सेवालाल राठोड घरी पोचले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी उगाच जीव टांगून बसणार नाही.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. त्यांच्या घरात ते बोलायला मनाई आहे. त्यांच्या पत्नी हिरीबाई विचारणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगतात, "ते येऊन राह्यले." आणि यात खोटं काहीच नाही. अडचण तीच आहे.

मी रविकांत. वाशीमला एका कृषी केंद्राच्या माडीवर इंग्रजी बोलायचे वर्ग घेतो. खाली युरियाची पोती, वर आम्ही. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीला जरासा वास येतो, पण वाढ जोमदार होते. फेब्रुवारीत मी त्यांना 'नाऊ' शिकवत होतो. वऱ्हाडी माणसाला 'इज कमिंग' शिकवावं लागत नाही. 'येऊन राह्यला' तो पाळण्यातच शिकतो. घोळ 'नाऊ'चा. आपल्याकडे आत्ता वेगळं, आता वेगळं, सध्या, हल्ली, एव्हाना, सगळ्यांची बिऱ्हाडं वेगळी. इंग्रजांनी ती सगळी एका खोलीत कोंबली. मी त्या शब्दाचे सहा उपयोग फळ्यावर लिहिले. सहावा असा, की 'नाऊ, नाऊ' असं दोनदा हळू म्हटलं तर रडणाऱ्याची समजूत काढता येते.

"आमच्या मायवर नाही चालत सर," हरीओम म्हणाला. "ते चप्पल शोधते."

वाक्यं करायला सांगितली की पोरं ठोकून द्यायची. 'माय फादर इज ड्रिंकिंग टी नाऊ.' चौकशी केली तर बाप वारून सहा वर्षं झालेली. म्हणून मी नियम केला. घरी फोन लावायचा, स्पीकरवर. काय चाललंय ते विचारायचं आणि तेच इंग्रजीत फळ्यावर लिहायचं. ते काम संपल्याचं घरून कळेपर्यंत वाक्य पुसायचं नाही.

सतरा फेब्रुवारी, सोमवार. तीन वाजून दहा मिनिटांनी रंजीता राठोडनं वडलांना फोन लावला. सेवालाल दिवाळीपासून पश्चिमेकडे ऊसतोडीला होते. दोन दिवसांनी रंजीताची सगाई होती, म्हणून मुकादमाची मोटरसायकल मागून निघाले होते. बापलेक एरवी गोरमाटी या बंजारा बोलीत बोलत. पण फोन स्पीकरवर आहे म्हटल्यावर सगळ्या वर्गाला समजावं म्हणून ते मराठीत बोलले.

"येऊन राह्यलो बेटा. केनवड मांगं टाकलं. चार टक्के हाय बॅटरी, ठेवतो."

मागून ट्रकचा भोंगा वाजला. एक बाई ओरडली, "पेरू, गोड पेरू!"

रंजीतानं लिहिलं, 'माय फादर इज कमिंग नाऊ.' पोरांनी टाळ्या वाजवल्या. केनवडहून तिचा तांडा मोटरसायकलनं तासाभराचा.

मंगळवारी ती वर्गात आली ती थेट फळ्यापाशी. "पुसू नका सर. अजून आले नाहीत."

फोन लावला. लगेच उचलला.

"येऊन राह्यलो बेटा. केनवड मांगं टाकलं. चार टक्के हाय बॅटरी."

भोंगा. पेरू.

मला आधी वाटलं, कुणीतरी आवाज भरून ठेवला आहे. पण भरलेला आवाज उत्तरं देत नाही. रंजीतानं विचारलं, "जेवले का?" ते म्हणाले, "घरीच जेवीन. मायले म्हणा, मिरची भाज." तिनं विचारलं, "आज कोणता वार हाय?" ते हसले. "सोमवार. सगाई ठरली तं वारच इसरली का?"

त्या दिवशी मंगळवार होता.

रंजीताचे काका फुलसिंग यांनी आठ दिवस त्या रस्त्यावरच्या विहिरी, पुलांखालचे नाले, दवाखाने पालथे घातले. माणूस नाही, मोटरसायकल नाही. मग आम्ही तक्रार द्यायला गेलो. हवालदारानं विचारलं, "फोन उचलते का?"

"हो."

"मंग हरवला कसा?"

त्यानं स्वतः लावून पाहिला. सेवालालना दम भरला, सरळ घरी जा म्हणून. "जाऊनच राह्यलो साहेब," ते म्हणाले. हवालदारानं कागदावर लिहिलं, 'सदर इसम मार्गस्थ आहे.'

मार्च संपता संपता त्यांचं रिचार्ज संपलं. मोबाइलच्या दुकानातला माणूस म्हणाला, हा नंबर बंद झाला आहे. आम्ही त्याच्यासमोरच लावला. त्यानं भोंगा ऐकला, पेरू ऐकले. मग फोन रंजीताच्या हातात दिला आणि भरदिवसा अर्धं शटर खाली ओढलं.

नवरदेवाकडचे लोक दोनदा येऊन गेले. हिरीबाई म्हणाल्या, "बाप रस्त्यात असताना सगाई होत नसते." त्यांचंही बरोबरच होतं. मिरच्या रोज भाजल्या जात होत्या. घरात शिरलं की ठसका लागायचा.

एप्रिलमध्ये एकदा वर्ग सुटल्यावर रंजीता मागं थांबली.

"मले सगाई नाही पाहिजे सर. फक्त त्यायले त्या गाडीवरून उतरवा. थकले असतीन हो."

मी 'नाऊ'चा सहावा उपयोग करून पाहिला. चालला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी केनवडच्या अलीकडच्या फाट्यावर गेलो. अंगावर पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं. एक निंब. बंद पानटपरी. डांबर मऊ झालेलं, टाच रुतत होती. पेरू विकणारी बाई नव्हती. मेमध्ये कुठून असणार? मी फोन लावला.

"काका, रविकांत सर बोलतोय. कुठं पोचलात?"

"केनवड मांगं टाकलं सर." भोंगा. पेरू.

"मी फाट्यावर आहे, निंबाखाली. हात वर करतो. दिसतो का बघा."

मी उजवा हात वर केला. फोनमध्ये इंजिनाची घरघर. वारा.

"दिसले सर! पांढरं शर्ट."

रस्ता वळणापर्यंत रिकामा होता.

"या मग. थांबा माझ्यापाशी."

"आलोच."

घरघर वाढली. मी फोन कानापासून दूर धरला. घरघर फोनमध्येच राहिली.

रस्ता रिकामाच.

वर केलेल्या तळहाताला वारा लागून गेला. जवळून गाडी गेल्यावर लागतो तसा, गरम. रस्त्यावरची धूळ हलली नाही.

फोन कट झाला.

मी सरळ तांड्यावर गेलो. हिरीबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मागं पाहिलं. मग तांब्या मला दिला.

रंजीतानं फोन लावला.

"येऊन राह्यलो बेटा. केनवड मांगं टाकलं." भोंगा झाला, पेरू झाले. आणि मग, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, न विचारता एक नवीन वाक्य आलं.

"तुये सर फाट्यावर उभे हायेत. हात वर करून. कोणाले थांबवून राह्यले काय माहीत."

मी तिच्या शेजारी उभा होतो. तांब्या माझ्या उजव्या हातात होता.

"सर इथंच हायेत बा," रंजीता म्हणाली.

"नाही बेटा. मले दिसून राह्यले ना."

ते वाक्य आता रोज असतं. जूनमध्ये त्यात भर पडली, "घामानं भिजले बिचारे." जुलैमध्ये, "हात थरथरून राह्यला त्यायचा." इकडे आठ दिवस झड लागली होती. मी माडीवर बसून शिकवत होतो आणि माझ्या उजव्या तळहाताची कातडी सोलून निघत होती. डॉक्टर म्हणाले, उन्हात उभं राहणं बंद करा. मी खिडकीबाहेरचा पाऊस दाखवला. त्यांनी मलम लिहून दिलं.

हिरीबाईंना मात्र माझ्यामुळे धीर आला आहे. "तुमी हाय ना तिथं," त्या म्हणतात. "तुमी त्यायले सोडू नका सर." मी नाही सोडणार म्हटलंय. शब्द दिलाय.

म्हणून हा अर्ज. कोणत्या कार्यालयात द्यायचा ते कळलेलं नाही. चार ठिकाणी आवक-जावक खिडकीतून परत आला आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, केनवडच्या अलीकडील फाट्यावर दिनांक सतरा फेब्रुवारी (श्री. राठोड यांच्याकडे अद्याप तीच तारीख आहे) रोजी दुपारपासून उभा असलेला इसम हा प्रस्तुत अर्जदारच आहे. श्री. सेवालाल राठोड तेथे थांबेपर्यंत उभे राहण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही. तरी सदर इसमास वर केलेला हात एकवार बदलण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.