न उच्चारायची अक्षरं

कांपेंगफेटच्या जुन्या नगरीतलं पडकं देऊळ मी चौतीस वर्षं झाडतोय. राजे गेले, माणसं गेली. जांभ्या दगडाचे राखणदार सिंह तेवढे चौथऱ्याभोवती उरले. कुणाला जबडा नाही, कुणाला पाय. सागाची पानं पडतात, मी गोळा करतो. झाडांपलीकडे माझं घर. तिथे बायको उखळात मिरची कुटते, ती ठक-ठक इथवर येते. दिवसभरात तेवढीच सोबत.

तिला सगळे बेडकी म्हणतात. आमच्याकडे खरं नाव मोठ्याने घेत नाहीत. नको ते कान टवकारतात; त्यांच्या हाकेला ओ दिली की माणूस नेतात.

बासष्टाव्या वर्षी मी विहारात अक्षरं शिकलो. त्या उत्साहात एका सिंहाखाली विटेच्या तुकड्याने तिचं खरं नाव लिहिलं. बुआचान.

घरी सांगितलं तेव्हा कुटता हात थांबला.

"म्हाताऱ्या, दुसरं काही सुचलं नाही? भात लिही, मासा लिही! जा, पुसून ये."

पुसलं. दुसऱ्या दिवशी नाव शेजारच्या सिंहाखाली होतं. माझीच वाकडी अक्षरं. तेही पुसलं. मग त्याच्या पुढच्या. रोज एक सिंह, घराच्या दिशेने पुढे. कुणी थट्टा करतंय का बघायला भोवतालची माती झाडून मोकळी ठेवली. पाऊल उमटलं नाही.

बेडकीला ताप भरला.

"कुणीतरी हाक मारतंय," ती म्हणाली. "नाव माझंच, पण हाक दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी. म्हणून ओ देत नाही."

सिंहाखालचं नाव वहीत उतरवून मी विहारात गेलो. भिक्खू हसले.

"आजोबा, हे तिचं नाव नव्हेच. शेवटची दोन अक्षरं राहिली. ती उच्चारायची नसतात, पण लिहायची असतात."

त्यांनी वहीत नाव शुद्ध करून दिलं.

घरी सांगितल्यावर ती कितीतरी दिवसांनी हसली. "बरं झालं, ढ निघालास. हुशार असतास तर मी गेलेच होते!"

सकाळी ताप उतरला. ती उखळापाशी बसली. मी वहीची झोळी शेवटच्या सिंहापाशी ठेवून झाडायला लागलो. ठक-ठक येत होती.

दुपारी झोळी उचलायला वाकलो.

सिंहाखाली नाव होतं. शेवटी दोन अक्षरं. त्यांच्या डोक्यावर, ती मुकी करणारी आकडीसारखी छोटी खूणसुद्धा.

दोन्ही हातांनी पुसलं. पुसेना.

ठक-ठक थांबली.

मग झाडांपलीकडून तिने ओ दिली.

मी हाक मारली नव्हती.