कुठला 'येतो'?

कुपवाडच्या बाळासो पंक्चरवाल्याच्या दारातच मयूरीच्या स्कुटीचं मागचं चाक बसलं, ही देवाची कृपा म्हणायची. तिला मात्र तेव्हा तसं मुळीच वाटलं नव्हतं. कारखान्याच्या स्टोअरमधून ती नुकती सुटली होती, वरून भुरभुर पाऊस चालू होता आणि हातातल्या मोबाइलवर कास पठाराचं बुकिंग नुसतं गोल गोल फिरत होतं.

"आलं... आलं... गेलं मेलं!" ती वैतागून म्हणाली.

"हितं तुमच्या फोनला रेंज न्हाई मिळायची," बाकड्यावरनं आवाज आला.

बाकड्यावर एक तरुण बसला होता. शर्टावर ऑइलचे डाग, केसात पावसाचे थेंब, आणि मोबाइलवर... मयूरीनं मान वाकडी करून चक्क त्याच्या फोनमध्ये डोकावलं... मोबाइलवर तेच पान!

"अय्या, तुम्ही पण कासला?"

"मी कशाला? आईला फुलं बघायचीत. मी नुसता ड्रायव्हर."

"कुठला रविवार?"

"ह्या महिन्यातला शेवटचा."

"माझाही तोच! किती जागा दाखवतंय?"

"चार."

दोन त्याला हव्या होत्या, दोन तिला. पण दोन भरून पुन्हा पान उघडेपर्यंत उरलेल्या दोन दुसऱ्या कुणी पळवल्या असत्या तर? मयूरीनं मागचापुढचा विचार केला नाही. "एकदम चार भरा!" म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसून नावं सांगायला लागली. आईचं उमा, आपलं मयूरी. वरती त्यानं आधीच भरली होती, विजयमाला आणि धैर्यशील. झालं! ओळख ना पाळख, आणि चौघं एका तिकिटावर.

बाळासो पाण्यात ट्यूब बुडवून भोक शोधत होता. त्यानं दोघांकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "बुडबुडं लय यायलेत बरं का. कुठनं यायलेत तेवढं बघाय लागंल."

मयूरीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. धैर्यशील उगीचच रस्त्यावरचा ट्रक बघत बसला.

तिकीट एक म्हटल्यावर गाडीही एकच करायची ठरली. धैर्यशीलच्या चुलत्यांची बोलेरो होती. तो वाळव्याकडचा, घरी उसाचं रान. वडील म्हशी सोडून कुठं हलत नाहीत, म्हणून आई एकटी पडलेली. कुपवाडला त्यानं वर्षापूर्वी एक लेथ मशीन टाकलं होतं. आठवडाभर तो तिथंच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी गावी जायचा.

आता सांगा, मयूरीच्या माधवनगरहून कासला जाऊन यायला असं काय मोठं ठरवायचं असतं? सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं. पण ह्या दोघांना त्या एका दिवसाचं ठरवायला तीन आठवडे पुरले नाहीत. रोज संध्याकाळी बाळासोच्या शेजारच्या टपरीवर चहा, आणि मयूरीच्या वहीत यादी.

"दशम्या आमच्याकडून, शेंगांची चटणी तुमच्याकडून."

"चटणी आमचीच लागंल. सांगलीची तुमची लय गोड असती."

"गोड? आमची?" तिनं डोळे मोठे केले.

"चटणी म्हटलं मी," तो घाईघाईनं म्हणाला. "तुमी न्हाई... म्हणजे, तुमी बी..."

मयूरीनं वहीत 'चटणी – दोन्ही' असं लिहिलं आणि हसू लपवायला कपात तोंड घातलं.

यादी वाढतच गेली. उमाला गाडी लागते, आल्याचे तुकडे घ्यायचे. चिखलात घसरायचं नाही असे बूट. येताना साताऱ्यात कंदी पेढे. विजयमालाबाईंचा निरोप आला की, फुलं तोडायची नाहीत हे मान्य, पण खाली पडलेलं एखादं चालंल का? अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

उमाचं मात्र खरंच अडलं होतं. चित्रकलेची बाई ती. एका जुन्या कॅलेंडरवरचं कासचं चित्र वीस वर्षं तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. दर वर्षी म्हणायची, यंदा जाऊ. एका वर्षी मयूरीची परीक्षा, एका वर्षी नवऱ्याचं आजारपण, मग तो गेला, मग गुडघे. यंदा तिकीट निघालं म्हटल्यावर तिनं नवी छत्री आणून ठेवली होती.

आणि त्या शेवटच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी मयूरीच्या हातात कंपनीचं पत्र पडलं. पुण्याच्या कारखान्यात बदली. एक तारखेला हजर.

शुक्रवारी टपरीवर तिनं ते धैर्यशीलला सांगितलं. कसं सांगितलं म्हणाल, तर चलनावर सही मागावी तसं. "एक तारखेपासून मी पुण्याला. बदली झाली."

त्यानं चहा तसाच ठेवला. मग म्हणाला, "बरं झालं की. मोठं गाव." आणि उठून मोटरसायकलला किक मारली.

मयूरीही उठली. एवढंच? बरं झालं? तिनं त्या फटफटीच्या आवाजात विचारलं, "रविवारी येणार ना?"

"येतो," तो म्हणाला आणि गेला.

येतो म्हणाला! तिचा जीव भांड्यात पडला. रेल्वे फाटकापर्यंत ती त्याच आनंदात होती. फाटक बंद होतं. तिथं थांबल्या थांबल्या तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, निघताना माणूस 'येतो'च म्हणतो की! जातो कोण म्हणतं? मग हा येतो कुठला? कासला येतो, की आता निघतो?

फोन करून विचारायचं, एवढं सोपं होतं. पण तुम्ही कधी प्रेमात पडला असाल, तर ते किती सोपं असतं ते तुम्हाला ठाऊकच असेल. तिकीट त्याच्या मोबाइलमध्ये होतं. 'तेवढं पाठव' एवढं जरी लिहिलं, तरी त्याचा अर्थ 'तू आला नाहीस तरी चालेल' असा झाला असता. आणि तसं चालणार नव्हतं. मुळीच चालणार नव्हतं. शनिवारभर ती लिहीत राहिली आणि पुसत राहिली.

"काय म्हणाला तो शेवटी?" उमानं दशम्या लाटता लाटता विचारलं.

"येतो म्हणाला."

"मग येईल की. तोंड कशाला पाडलंयस?"

रविवारी सहाला दोघी कोपऱ्यावर उभ्या. उमाच्या हातात नवी छत्री, मयूरीच्या हातात डबे. सव्वासहा. साडेसहा. दूधवाला गेला, पेपरवाला गेला. पावणेसातला उमा म्हणाली, "मयू, चित्र आहे की घरात. एवढं काय..." ते तिनं इतक्या सहज म्हटलं की मयूरीला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. आईचे गुडघे, आईची छत्री, आणि आपण एक साधा फोन केला नाही! तिनं डबे खाली ठेवले आणि मोबाइल काढला. आता काय अर्थ व्हायचा तो होऊ दे.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला.

बोलेरो थांबली. पुढच्या सीटवरून हिरव्या लुगड्यातल्या एक ठसठशीत बाई उतरल्या आणि थेट उमाचा हात धरला. "उशीर झाला बाई. ह्या माझ्या ल्योकामुळं. चला, बसा." मग मयूरीकडं वळून त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "तूच व्हय ती? ह्यो काल घरी आला, जेवला न्हाई का बोलला न्हाई. पहाटं मी गाडी झाडाय लागली तर म्हणतोय, मी येत न्हाई. म्हटलं, तिला काय म्हणालास? तर म्हणतोय, येतो म्हटलं, पण ते आपलं निघताना म्हणत्यात तसं."

"आई, पुरं की," धैर्यशील स्टिअरिंगमागून पुटपुटला.

"पुरं कसलं? आमच्यात येतो म्हटलं की येत्यात! रानात निघालेला माणूस येतो म्हणतोय तो उगंच व्हय? माघारी यायचंच असतंय म्हणून म्हणतोय. शब्द हाय त्यो."

मयूरी हसली. हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण डबे पुन्हा तिच्याच हातात होते. धैर्यशील उतरला आणि त्यानं ते घेतले.

पठारावर धुकं होतं. मग वारा आला, धुकं बाजूला झालं, आणि समोर सोनकीचा पिवळा पट्टा, त्याच्या कडेनं तेरड्याचा गुलाबी, मध्येच गेंदाची पांढरी फुलं डुलणारी. उमा कठड्याशी उभी राहिली ती राहिलीच. "चित्रात वारा नव्हता गं," एवढंच म्हणाली. विजयमालाबाई तिच्या शेजारी कंबरेवर हात ठेवून उभ्या. "एवढी फुलं आन् एक गजरा न्हाई," अशी त्यांची कुरकुर चालली होती.

मागं पायवाटेवर दोघंच राहिले.

"खरंच येणार नव्हतास?" तिनं विचारलं.

"न्हवतो. एक दिवस लय भारी जायचा, आन् मग तू पुण्याला. मग त्या दिवसाचं करायचं काय, घेऊन बसायचं? ...आन् तू विचारलेलं मला ऐकूच आलं न्हाई. गाडी चालू होती."

"पत्र आदल्या दिवशी आलं रे. आणि तसं कोरडं सांगितलं, कारण... टपरीवर रडले असते."

तो थांबला. खाली बघून बुटाचा चिखल दगडाला पुसत राहिला. मग मान वर केली. "तू मला आवडतीस. लय आवडतीस. माझं मशीन कुपवाडात, ते मला हलवता येत न्हाई. पुण्याला जाऊ नको असं बी म्हणता येत न्हाई. पण सांगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई."

मयूरीची छत्री वाऱ्यानं उलटी झाली होती, ती सरळ करायला त्यानं हात पुढं केला आणि सरळ झाल्यावरही दोघांनी दांडी सोडली नाही.

तीस तारखेला सांगलीच्या स्टँडवर उमा तिला निरोप देऊन बाजूला झाली. धैर्यशील खिडकीखाली उभा होता, हातात पेढ्यांचा पुडा. पठारावरचं उत्तर तिनं अजून दिलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. गाडी सुरू झाली. मयूरीनं पुडा घेतला आणि म्हणाली, "येते."

त्यानं खिडकीबरोबर दोन पावलं टाकली. "कुठलं येते?"

तिनं डोकं बाहेर काढलं. गाल तापले होते, पण आवाज खणखणीत निघाला. "आईंना विचार!"

तो जागीच उभा राहिला. काकू नाही, आईंना. गाडी वळली तेव्हा तिला एवढंच दिसलं, की त्यानं खिशातला फोन काढून कानाला लावला होता.

नदीचा पूल ओलांडेपर्यंत तिचाच फोन वाजला. विजयमालाबाई होत्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पोरी," त्या म्हणाल्या, "कवा?"