उजवीकडे सरकलेला उजेड

सकाळी अकराच्या आत आम्हाला चंबळच्या बीहडातल्या एका बोरीच्या झाडावरून कॅमेरा काढून आणायचा होता. म्हणून ऐन जानेवारीत, हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत अशा धुक्यात, साडेसहाला आम्ही ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतून निघालो. मोहिमेत माणसं दोन. मोटरसायकल चालवणारी मी, आणि मागे माझे सासरे जगदेवराव. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, पण पणजोबा फौजेत होते या भांडवलावर ते अजून कुठेही जायला तयार असतात.

कॅमेरा हेमेंद्रचा, माझ्या नवऱ्याचा. शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुटी मिळाली की बीहडात तरसांच्या मागे फिरायचा. सप्टेंबरात बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सोबत घेऊन त्याने तो कॅमेरा बांधला. समोर काही हललं की तो आपोआप चित्रण करतो, आवाजासकट. बांधताना समोर हलत होता तो हेमेंद्रच. म्हणजे त्याचा आवाज त्यात होता. एरवी फोनवर तो दोन शब्द लिहून पाठवायचा. आवाज असा कुठेच उरला नव्हता. ऑक्टोबरात पाच दिवसांच्या तापात तो गेला.

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं होतं. रडू नाही, भूक नाही, राग नाही. लोक म्हणायचे, सून मोठी धीराची! धीर कसला, आत सगळं बधिर होतं. घरात तीन महिने कोणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. निघताना सासूबाईंनी माझ्या हातावर दही ठेवलं, पण कुठे चाललात ते विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी तिथल्या शेतकऱ्याचा, संग्रामसिंहांचा, फोन आला होता. "भाभी, कल ग्यारह बजे जेसीबी लगेगी. पूरा टीला बराबर हो जाएगा. मशीन एक ही दिन की मिली है." नेमकं झाड ठाऊक होतं फक्त बाबांना, आणि त्या चिंचोळ्या वाटेवर मोटार जात नाही.

मुरैना मागे पडलं, डांबर संपलं आणि बीहड सुरू झालं. मातीचे उंच सुळके, मधून खोल घळी, आणि सगळ्यावर धुकं दुलईसारखं पसरलेलं. गाडीचा पांढरा दिवा अशा धुक्यात उलट डोळ्यांवर येतो, म्हणून तो मी बंद ठेवला होता. पुढे लोखंडी पट्टीवर हेमेंद्रने स्वतः दोन पिवळे दिवे बसवले होते. त्यांच्या उजेडात वाट चार-पाच हात दिसायची आणि तेवढीच मी कापत होते. बोटं तर कधीच गारठून गेली होती. क्लच दाबला की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागत होतं.

"अंतरा, काहीतरी खडखडतंय गं," बाबा कानाशी ओरडले.

"गाडी जुनी आहे बाबा!"

"गाडी नाही. पुढे काहीतरी परेशानी आहे."

मी लक्ष दिलं नाही. पिवळा उजेड समोर होता, मी त्याच्यामागे चालले होते. वाट किंचित उजवीकडे वळली, मीही वळले. आणखी वळली. मीही!

"थांब! अंतरा, ब्रेक!"

ब्रेक दाबला. मागचं चाक घसरलं. गाडी तिरकी झाली. पुढच्या चाकासमोरचं मातीचं ढेकूळ सुटलं आणि खाली पडलं. खूप वेळाने त्याचा आवाज आला!

वाट वळली नव्हतीच. दिव्यांच्या पट्टीचा उजवा बोल्ट कुठेतरी गळून पडला होता, आणि पट्टी डाव्या बोल्टवर फिरत हळूहळू उजवीकडे तोंड करत गेली होती. मी उजेडाच्या मागे थेट घळीच्या काठावर आले होते. पुढचं चाक काठापासून वीतभर अंतरावर होतं.

आम्ही गाडी मागे ओढली. बाबा थरथरत होते. मला काहीच होत नव्हतं. छाती धडधडली नाही. एक वीत आणखी गेले असते तर गेले असते, असं मनात आलं आणि तसंच निघून गेलं. मागे म्हातारा माणूस बसलाय, हेही त्या क्षणी मला आठवलं नव्हतं. त्याची लाज मात्र वाटायला हवी होती.

"सीटखाली पाने आहेत ना," मी म्हटलं.

सीट उचलली. हत्यारांची पिशवी रिकामी! एक पाना नाही, पेचकस नाही.

बाबांनी पिशवीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. "देवघरात आहेत. खंडेनवमीला मी पूजेला मांडले होते. तलवारीशेजारी."

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात, गाडीच्या पान्यांपर्यंत. त्या दिवशी त्यांना काम सांगायचं नाही. दसरा झाला की उत्तरपूजा करून उचलायची. यंदा दसऱ्याच्या दिवशीच आम्ही हेमेंद्रला दवाखान्यात नेलं.

"मग नंतर नाही उचलले?"

"हेमूने स्वतः मांडले होते माझ्याबरोबर," ते मातीकडे बघत म्हणाले. "मी उचलले असते तर ती पूजा संपली असती. हिंमत नाही झाली गं."

तीन महिन्यांत हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

मग बाबांनी कोटाच्या खिशातून चंची काढली, आणि चंचीतून अडकित्ता! "सुपारी फोडतो, तर नट नाही आवळणार?"

अडकित्त्याच्या जबड्यात डाव्या बाजूचा नट धरला. सटकला. पुन्हा धरला. बाबांनी दोन्ही हातांनी मूठ आवळली, मी पट्टी सरळ दाबून ठेवली. नट पाव फेरा फिरला! आणखी पाव! उजव्या बाजूच्या भोकात घालायला बोल्ट नव्हता. मी बाभळीची फांदी मोडली, अडकित्त्याने तासून खुंटी केली आणि दगडाने ठोकून बसवली. वरून सामान बांधायच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. अंगठ्यातून रक्त येत होतं. कापलं कधी, कळलंच नाही.

"जुगाड आहे," बाबा म्हणाले, "पण शानदार आहे."

उजेड पुन्हा समोर पडला. मी पट्टीला हात लावून पाहिला, हलली नाही. आता दर वळणावर बाबा मागून ओरडत होते, "सरळ आहे! सरळ आहे!" वाळूचा नाला आला. चाक रुतलं. उतरलो, ढकललं, निघालो. पुढे उभा चढ. गाडी डुरकली, थांबली, मागे सरली. बाबांनी उडी मारून चाकामागे दगड लावला! एकाहत्तर वर्षांचे गुडघे, पण त्या दिवशी ते कुरकुरले नाहीत.

साडेदहाला टेकाडापाशी पोहोचलो, तर यंत्राची घरघर ऐकू येत होती. संग्रामसिंह धावत आले. "भाभी, मशीन जल्दी आ गई! ड्राइवर सुन ही नहीं रहा!"

"रुकवाइए उसे!" मी ओरडले. ते धुक्यात पळत गेले.

बाबांनी बोट दाखवलं. टेकाडाच्या टोकाला, नदीच्या बाजूला, वाकलेली बोर. तिच्या खोडाला हिरवी पेटी. तीस पावलांवर! मी गाडी लावेपर्यंत बाबा निघालेसुद्धा. यंत्राच्या प्रत्येक दणक्याने पायाखालची माती थरथरत होती. मी त्यांच्यामागे धावले, आणि मला भेग दिसली. बोटभर रुंद, बोरीच्या या बाजूने आडवी गेलेली. बाबांचा एक पाय तिच्या पलीकडे होता.

भेग रुंद झाली.

"बाबा, मागे या!"

"हाताशी आहे गं! एवढंसंच!"

"मागे या! नको मला तो कॅमेरा!"

"माझ्या पोराचा आवाज आहे त्यात!"

"आणि तुम्ही गेलात तर मी काय करू? मला भीती वाटतेय, बाबा!"

मी त्यांच्या कोटाची मागची बाजू दोन्ही हातांनी पकडली आणि स्वतःला मागे झोकून दिलं. दोघेही पाठीवर आपटलो. समोरची माती खचली, बोर हळूच पुढे झुकली, आणि झाड, पेटी, सगळं धुक्यात गेलं. खाली पाण्याचा आवाज झाला. मग यंत्रही थांबलं.

बाबा रडू लागले, तोंड न झाकता. माझी छाती फुटेल इतकी धडधडत होती. अंगठा ठणकत होता, गुडघा सोलवटला होता. सगळं दुखत होतं.

"बाबा," मी विचारलं, "कॅमेरा बांधताना काय बोलला होता हो हेमेंद्र?"

त्यांनी डोळे पुसले. आठवलं. ओल्या चेहऱ्यावर लाजल्यासारखं हसू आलं.

"झाडावरून उतरताना पँट फाटली त्याची. मागून. तर कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो कसा, 'बाबा, अंतराला सांगितलंत तर याद राखा. नवीन पँट आहे, ती मला घरात घेणार नाही.'"

"ती निळी?"

"निळीच."

"मला म्हणाला, धोब्याने फाडली!" मी म्हटलं. "मी बिचाऱ्या धोब्याशी भांडून आले, बाबा!"

आणि मी हसायला लागले. हसता हसता केव्हा रडायला लागले ते मला कळलं नाही. बाबांनी माझा कापलेला अंगठा आपल्या रुमालात बांधला आणि म्हणाले, "अजून आहे, ऐक."